कशाच्या तुलनेत? टेनेसीच्या बालवर्गांचा पेपर वाचताना

मागच्या महिन्यात आमच्या विभागातल्या एका ज्युनियरने तिच्या सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा वाचायला पाठवला. विषय चांगला होता, अंगणवाडीतून पहिलीत येणारी मुलं. दुसऱ्याच पानावर एक वाक्य होतं : अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या संशोधनाने सिद्ध केलं आहे की सरकारी पूर्वप्राथमिक वर्गांमुळे मुलांचं नुकसान होतं. आणि लगेच पुढच्या परिच्छेदात : अमेरिकेतल्याच पेरी प्रीस्कूलच्या संशोधनाने सिद्ध केलं आहे की पूर्वप्राथमिक शिक्षणावर घातलेला पैसा कैक पटींनी परत येतो. मी समासात एवढंच लिहिलं, "मग खरं कुणाचं?" रात्री तिचा फोन. "ताई, दोन्ही पेपर चांगल्या जर्नलमधले आहेत. आता मी कोणता काढू?"

कोणताच काढू नकोस, असं सांगितलं. पण फोनवर नीट समजावता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची किंवा सिनॉप्सिसची तयारी करताय. एक पेपर धरून तो कसा वाचायचा, कुठे मान डोलवायची आणि कुठे भांडायचं, ते टेनेसीच्या पेपरइतकं चांगलं दाखवणारं उदाहरण मला तरी दुसरं सापडलेलं नाही. आधीच सांगते, हा पेपर मला आवडतो. आणि माझं त्याच्याशी भांडणही आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. अमेरिकेत किंडरगार्टन म्हणजे पाच वर्षांच्या मुलांचा वर्ग, आणि तो सहसा सरकारी शाळेचाच भाग असतो. त्याच्या आधीचं, चार वर्षांच्या मुलांचं वर्ष म्हणजे प्री-के. वयाने पाहिलं तर आपलं ज्युनियर केजी. टेनेसी राज्याने २००५ पासून गरीब घरांतल्या मुलांना प्राधान्य देणारे प्री-केचे वर्ग मोठ्या प्रमाणावर सुरू केले. हे वर्ग बहुतांशी सरकारी शाळांच्या इमारतींत भरतात. एका वर्गात जास्तीत जास्त २० मुलं, परवानाधारक शिक्षक, सोबत मदतनीस, दिवसाला किमान साडेपाच तास, आठवड्याचे पाच दिवस. आपल्याकडच्या एखाद्या अंगणवाडीताईला हे वाचून दाखवा, ती म्हणेल, अजून काय पाहिजे?

काही शाळांत जागा कमी आणि अर्ज जास्त झाले. तिथे व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी राज्याच्या शिक्षण विभागाला सोबत घेऊन अर्जांची यादी यादृच्छिक क्रमाने लावली, आणि त्या क्रमाने जागा भरल्या गेल्या. आपल्याकडे आरटीईच्या २५ टक्के जागांची सोडत निघते ना, साधारण तसंच. २००९-१० आणि २०१०-११ अशा दोन वर्षांची मिळून २,९९० मुलं अभ्यासात आली. सोडतीची जादू अशी की कुणाच्या नशिबी जागा आली आणि कुणाच्या नाही, यात आईचं शिक्षण, घरची परिस्थिती, मुलाची हुशारी यांतलं काहीच शिरत नाही. दोन्ही गट सरासरीने सारखे. त्यामुळे पुढे फरक दिसला तर तो जागा मिळाल्यामुळेच, असं म्हणता येतं.

आणि फरक दिसला. प्री-केचं वर्ष संपताना जागा मिळालेली मुलं पुढे होती : अक्षरओळख, शब्द, अंक, सगळ्यांत. किंडरगार्टनचं वर्ष संपेपर्यंत दुसरी मुलं त्यांच्या बरोबरीला आली. इथवर नवल काही नाही, अशा अभ्यासांत हे नेहमी दिसतं. पण तिसरीत राज्याच्या परीक्षेत प्री-केची मुलं थोडी मागे दिसू लागली. आणि केली डर्किन, मार्क लिप्सी, डेल फॅरन व कॅथरीन वीसेन यांचा सहावीपर्यंतचा पेपर २०२२ साली 'डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी'त आला तेव्हा ते मागे पडणं कमी न होता वाढलेलं होतं. गुणांत मागे, शिस्तभंगाच्या नोंदी जास्त, हजेरी किंचित कमी, आणि विशेष शिक्षणाच्या यादीत नावं जास्त.

वेळही अशी की विचारू नका. २०२१ मध्ये बायडेन सरकारने तीन-चार वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी मोफत प्री-केचा प्रस्ताव मांडला होता. नोव्हेंबरमध्ये प्रतिनिधिगृहात तो मंजूर झाला, डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये अडकला, आणि जानेवारीत हा पेपर. मग काय, ज्यांना हा खर्च नको होता त्यांना आयतं कोलीत मिळालं. ज्यांना हवा होता ते पेपरात खोट शोधायला बसले.

या खोट शोधण्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण आपण सगळेच ते करतो. नावडता निष्कर्ष आला की आपली चिकित्सक बुद्धी एकदम जागी होते.

पहिला आक्षेप नेहमी येतो तो पालकांच्या संमतीचा. संशोधकांना काही मुलांच्या स्वतंत्र, समोर बसवून चाचण्या घ्यायच्या होत्या. त्यासाठी संमती लागते. पहिल्या वर्षी संमती देणाऱ्यांचं प्रमाण कमी होतं आणि दोन्ही गटांत ते सारखं नव्हतं. म्हणजे सोडतीने बरोबरीत आणलेले गट संमतीने पुन्हा बिघडले. आक्षेप खरा आहे. पण तो १,०७६ मुलांच्या उपगटाला लागू पडतो. सहावीचा पेपर आहे सगळ्या २,९९० मुलांवर, आणि त्यातली माहिती राज्याच्या शालेय नोंदींमधून आलेली. तिथे संमतीने गाळलं गेलेलं कुणी नाही. हा फरक न पाहता आक्षेप घेणारे लेख मी स्वतः वाचलेत, आणि कबूल करते, पहिल्या वाचनात माझीही तीच चूक झाली होती. एका अभ्यासातून पाच-सहा पेपर निघतात. कोणता आक्षेप कोणत्या पेपरावर, हे आधी तपासायचं. गाईडसमोर तोंडघशी पडण्यापेक्षा ते सोपं.

दुसरा आक्षेप : टेनेसीचे वर्गच निकृष्ट होते, म्हणून असं झालं. हे ऐकायला बरं वाटतं. अडचण एवढीच की अमेरिकेत राज्यांच्या प्री-केचं मोजमाप करणारी एक नावाजलेली संस्था आहे, तिच्या दहा निकषांपैकी नऊ टेनेसी पूर्ण करत होतं. निकाल येण्याआधी याच कार्यक्रमाला चांगलं म्हटलं जात होतं. निकाल वाईट आल्यावर तो निकृष्ट ठरला. आता निकालावरूनच दर्जा ठरवायचा असेल, तर 'दर्जेदार पूर्वप्राथमिक शिक्षणाने फायदा होतो' हे वाक्य कधीच खोटं ठरू शकत नाही. जो कार्यक्रम चालला तो दर्जेदार, जो नाही चालला तो नव्हता. संशोधनपद्धतीच्या पेपरात पॉपर वाचला असेल, त्याला इथे आणा.

माझ्या मते यातून निघणारा खरा प्रश्न त्या निकषांचा आहे. शिक्षकाची पदवी, वर्गातली मुलांची संख्या, मदतनीस, अभ्यासक्रम मंजूर आहे का, हे सगळं कागदावर मोजता येतं, म्हणून मोजलं जातं. चार वर्षांच्या मुलाशी दिवसभरात कोण, किती वेळ, काय बोललं हे मोजायला कुणीतरी वर्गात जाऊन बसावं लागतं.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा जास्त मोलाची आहे. फरक कमी होत गेला याला इंग्रजी लिखाणात जो शब्द आहे त्याचा अर्थ 'विरून जाणं'. पण विरलं काय? मुलं शिकलेलं विसरली नाहीत. दुसऱ्यांनी त्यांना गाठलं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मिमी एंगेल आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा एक अभ्यास आहे. त्यात दिसलं की किंडरगार्टनचे शिक्षक गणिताचा बराच वेळ अशा गोष्टींवर घालवतात ज्या बहुतेक मुलांना शाळेत येतानाच येत असतात, म्हणजे मोजणं, आकार ओळखणं वगैरे. ज्याला दहापर्यंत मोजता येतं त्याला वर्षभर पुन्हा दहापर्यंत मोजायला बसवलं, तर तो काय करेल? कंटाळेल. शेजारचा तेवढ्या वेळात शिकेल. यात पहिल्या मुलाच्या डोक्यातून काही विरलेलं नाही. फ्रान्सिस पिअरमन आणि सहकाऱ्यांनी टेनेसीचीच माहिती पुन्हा तपासली तेव्हा, प्री-केनंतर ज्या मुलांना चांगली शाळा आणि चांगला शिक्षक दोन्ही मिळाले त्यांचा फायदा तिसरीपर्यंत टिकलेला दिसला. दोन्हींपैकी एकच मिळालं तर पुरलं नाही. मात्र इथे सावध. प्री-केची जागा सोडतीने मिळाली होती, पुढची शाळा आणि शिक्षक सोडतीने मिळाले नव्हते. पेपर एकच असला तरी त्यातल्या दोन वाक्यांचं वजन सारखं नसतं.

आता माझं भांडण.

डेल फॅरन या बालशिक्षणात अनेक दशकं काम केलेल्या बाई आहेत. प्री-केच्या विरोधक म्हणून त्या अभ्यासात उतरल्या नव्हत्या. निकाल मनाविरुद्ध आला आणि त्यांनी तो जसाच्या तसा छापला, पुढे मुलाखतींमधून आपल्याच जुन्या समजुती बदलल्याचं जाहीरपणे सांगितलं. याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे. निकालाचं कारण सांगताना त्या जे म्हणतात ते साधारण असं : वर्ग मोठ्या शाळेच्या इमारतीत असल्यामुळे लहान मुलांचा वेळ रांगेत जातो. शौचालयाला रांगेने, जेवायला रांगेने, हात धुवायला रांगेने. उरलेल्या वेळात शिक्षिका सगळ्यांना समोर बसवून अक्षरं शिकवते. मुलांचं ऐकून घेणं, त्यांना स्वतःहून काही करू देणं कमी. म्हणजे बालवर्ग पहिलीसारखा झालाय.

वाचताना मान आपोआप डोलते. आपल्याकडे तर जास्तच, कारण घडी घालून बसलेली चार वर्षांची मुलं आपण सगळ्यांनी पाहिलीत. पण थांबा. हे स्पष्टीकरण आलं कुठून? वर्गांच्या निरीक्षणातून. निरीक्षण कुठे झालं? प्री-केच्या वर्गांत. ज्या मुलांना जागा मिळाली नाही त्यांचा दिवस कसा गेला, हे तसं जाऊन कुणी पाहिलं नाही. रांगेत वेळ जातो, मान्य. पण कशाच्या तुलनेत? घरी टीव्हीसमोर गेलेल्या वेळेच्या? आजीबरोबर शेंगा सोलत केलेल्या गप्पांच्या? अंगणात भावंडांबरोबर मारलेल्या उड्यांच्या?

सोडतीने उत्तर दिलं ते एवढ्याच प्रश्नाचं : जागा मिळाल्याने काय फरक पडला? का पडला, याचं उत्तर सोडत देत नाही. तिथून पुढे संशोधकही तुमच्या-माझ्यासारखाच अंदाज करतो, फक्त जास्त अनुभवाने. यात गैर काही नाही, पण वाचणाऱ्याने ती रेघ स्वतः ओढायला हवी, कारण मुलाखतीत ती पुसली जाते. बातमीत तर ती नसतेच.

आणि त्या दुसऱ्या गटाबद्दल एक गोष्ट फार कमी लोक बोलतात. त्यातली निम्म्याहून जास्त मुलं घरी होती, आई-वडील किंवा नातेवाइकांजवळ. बाकीची हेड स्टार्टमध्ये (गरीब मुलांसाठीचा केंद्र सरकारचा कार्यक्रम) किंवा खाजगी केंद्रांत गेली. 'घरी' असलेल्यांची घरंही कशी? या घरांनी प्री-केसाठी अर्ज केला होता. आरटीईची सोडत न लागलेल्या पालकांचा विचार करा. ते मुलाच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष करणारे पालक नसतात. कागदपत्रं जमवणारे, तारखा लक्षात ठेवणारे, धावपळ करणारे पालक असतात. जागा नाही मिळाली तर ते गप्प बसत नाहीत, दुसरं काहीतरी बघतात. तेव्हा टेनेसीचा पेपर प्री-केची तुलना 'काहीच नाही'शी करत नाही. तो करतो ती तुलना खटपट करणाऱ्या पालकाने शोधलेल्या दुसऱ्या वाटेशी.

शिस्तभंगाच्या नोंदींवरही माझा आक्षेप आहे, छोटाच. ही नोंद शाळा करते. मूल कसं वागलं आणि शाळेने काय लिहून ठेवलं यात अंतर असतं. विशेष शिक्षणाच्या यादीचंही तसंच. जे मूल एक वर्ष आधी शाळेच्या नजरेत आलं, त्याच्यावर शिक्काही एक वर्ष आधी बसू शकतो, आणि एकदा बसलेला शिक्का सहजी निघत नाही. मूल बदललं की मुलाकडे पाहणारी शाळा बदलली, हे या नोंदींतून वेगळं काढता येत नाही. पण परीक्षेचे गुण या आक्षेपात बसत नाहीत, आणि गुणही घसरलेच आहेत. म्हणून म्हटलं, छोटा आक्षेप.

आता पेरीकडे. ज्युनियरच्या दुसऱ्या परिच्छेदाला मी पहिल्यापेक्षा जास्त लाल केलं होतं, हे तिला आवडलं नाही.

पेरी प्रीस्कूलचा प्रयोग मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावात १९६२ ते १९६७ या काळात झाला. एकूण १२३ मुलं, सगळी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली, आणि बुद्ध्यंक कमी आलेली अशी मुद्दाम निवडलेली. ५८ जणांना कार्यक्रम, ६५ जणांना नाही. रोज सकाळी अडीच तास वर्ग, पाच-सहा मुलांमागे एक शिक्षक, आणि दर आठवड्याला शिक्षिका घरी जाऊन आईसोबत दीड तास बसायची. ही मुलं चाळिशीची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. नोकरी, कमाई, अटक, सगळं. जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हिशेब मांडला तो वर्षाला साधारण ७ ते १० टक्के परताव्याचा. जगभरातल्या धोरणांच्या कागदपत्रांत हा आकडा फिरत असतो. आपल्याकडच्या भाषणांतही.

पण पेरीच्या गटवाटपात पुढे फेरफार झाले होते. काही नोकरी करणाऱ्या आयांची मुलं, वर्गाला आणणं किंवा घरभेट जमेना म्हणून, दुसऱ्या गटात हलवली गेली. हेकमन यांनी गणिताने ती दुरुस्ती करायचा प्रयत्न केला, हे त्यांचं श्रेय. तरी मला सांगा, १२३ मुलांचा, वाटपात फेरफार झालेला अभ्यास ज्यांना पटतो, त्यांना २,९९० मुलांच्या सोडतीतच एवढ्या खोटी कशा दिसतात? चाळणी एकच हवी. पेरीसाठी मोठ्या भोकांची आणि टेनेसीसाठी मैद्याची, असं नको.

तर मग पेरी खोटं? नाही. तिथेही तोच प्रश्न विचारा. १९६२ साली त्या ६५ मुलांकडे काय होतं? हेड स्टार्ट १९६५ मध्ये आलं. लहान मुलांसाठीचा 'सेसमी स्ट्रीट' टीव्हीवर आला १९६९ मध्ये. खाजगी केंद्रं त्या वस्तीच्या आवाक्यात नव्हती. पेरीची तुलना जवळपास 'काहीच नाही'शी होती. वर त्या कार्यक्रमात दर आठवड्याची घरभेट होती. म्हणजे आईला मिळालेलं शिक्षण आणि मुलाला मिळालेलं शिक्षण यांची गाठ बांधलेली. टेनेसीत ती गाठ नव्हती. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, कारण दोन्ही अभ्यासांचे प्रश्न वेगळे आहेत, जरी दोन्हींवर 'पूर्वप्राथमिक शिक्षण' अशी एकच पाटी लावलेली असली.

पॅट्रिक क्लाइन आणि क्रिस्टोफर वॉल्टर्स यांनी २०१६ मध्ये हेड स्टार्टबद्दल हेच आकड्यांनी दाखवलं. हेड स्टार्टच्या राष्ट्रीय अभ्यासात ज्यांना जागा मिळाली नाही त्यांतली सुमारे एक तृतीयांश मुलं दुसऱ्या कुठल्या तरी बालवर्गात जात होती. तेव्हा सरासरी फरक कमी दिसणारच. घरी राहिली असती अशा मुलांपुरतं वेगळं काढलं तर फायदा जास्त दिसतो. अर्थमितीचा धसका असला तरी त्या पेपराची प्रस्तावना तरी वाचा.

बॉस्टनचं नाव घेतलं नाही तर कुणीतरी प्रतिक्रियेत विचारेलच. बॉस्टनमध्येही सरकारी शाळांतल्या प्री-केच्या जागांसाठी सोडत होती. १९९७ ते २००३ मधल्या चार हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास गथ्री ग्रे-लोबेल, पराग पाठक आणि वॉल्टर्स यांनी केला. राज्याच्या परीक्षांच्या गुणांत काही फरक नाही. पण कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ८ टक्के-बिंदूंनी जास्त, आणि शिस्तीच्या तक्रारी कमी. पुष्कळ जण हा अभ्यास टेनेसीच्या जखमेवर फुंकर म्हणून वापरतात : थांबा, कॉलेजात गेल्यावर फायदा दिसेल. मला ही फुंकर पटत नाही. बॉस्टनमध्ये गुण 'तेवढेच' होते, टेनेसीत ते 'कमी' आहेत. बॉस्टनमध्ये वर्तनाच्या नोंदी सुधारल्या, टेनेसीत बिघडल्या. ज्या वाटेने बॉस्टनची मुलं कॉलेजपर्यंत गेली असावीत, तीच वाट टेनेसीत उलटी वळलेली दिसते. उद्या टेनेसीची मुलं कॉलेजात जास्त गेली तर मी आनंदाने हा परिच्छेद बदलेन. आज मात्र तो दिलासा उसना आहे.

एक पद्धतीचा मुद्दा जाता जाता, कारण तोंडी परीक्षेत विचारतात. ओक्लाहोमात १९९८ पासून सगळ्यांसाठी प्री-के आहे. सगळ्यांसाठी म्हटल्यावर सोडत नाही. मग टल्सा शहरात संशोधकांनी जन्मतारखेचा आधार घेतला. १ सप्टेंबरच्या थोडं आधी जन्मलेलं मूल प्री-के संपवून आलंय, थोडं नंतर जन्मलेलं आता सुरू करतंय. दोघांत वयाचा फरक नगण्य, एक वर्ष शिकण्याचा फरक. युक्ती सुंदर आहे आणि निकालही भरघोस चांगले. पण दुसरं मूलही त्याच वर्षी प्री-केत जाणार ना! म्हणजे वर्षभराने दोघंही शिकलेले, तुलना संपली. या पद्धतीने तिसरीत काय होतं ते कळूच शकत नाही. टल्सा आणि टेनेसी एकमेकांना खोडतात असं जिथे लिहिलेलं दिसेल, तिथे लिहिणाऱ्याने पद्धतीचं प्रकरण वगळलंय असं खुशाल समजा. टेनेसीतसुद्धा वर्षाच्या शेवटी मुलं पुढेच होती.

या शेवटच्या वाक्यामुळे मला आपल्याकडच्या एका अभ्यासाची आठवण होते. तमिळनाडूतल्या अंगणवाड्यांवर आलेहांद्रो गनिमियन, कार्तिक मुरलीधरन आणि वॉल्टर्स (हो, तेच) यांनी केलेला. यादृच्छिकपणे निवडलेल्या अंगणवाड्यांना अर्धवेळ काम करणारी आणखी एक व्यक्ती दिली. बस, एवढंच. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. १८ महिन्यांनी, अंगणवाडीत टिकून राहिलेल्या मुलांचे गणिताचे गुण ०.२९ आणि भाषेचे ०.४६ प्रमाण विचलनाने वाढले, तीव्र कुपोषणही कमी दिसलं. मला हा अभ्यास त्याच्या प्रश्नासाठी आवडतो. 'अंगणवाडी चालते का?' असं त्यांनी विचारलंच नाही. एकच ताई आहार, वजनं, रजिस्टरं आणि शिकवणं सगळं ओढतेय, तिला हात दिला तर काय होईल, असं विचारलं. कशाच्या तुलनेत, हे प्रश्नातच आहे. पण टेनेसी वाचून झालेल्या माणसाने दोन गोष्टींवर पेन्सिल ठेवायची : 'टिकून राहिलेल्या' हा शब्द, आणि '१८ महिने' हा काळ.

आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि पूर्वप्राथमिकची तीन वर्षं शाळेच्या आराखड्यात आणली. महाराष्ट्रात अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, पहिली शालेय शिक्षण विभागाकडे. यावर पुढची दहा वर्षं भरपूर प्रबंध होणार आहेत, त्यातले काही तुमचे. आसाम, राजस्थान आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या सुमारे १४,००० मुलांच्या मागावर राहिलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की आपली मुलं अंगणवाडी, खाजगी केजी आणि कधी कधी थेट पहिली यांच्यात ये-जा करत असतात. जून ते मार्च एकाच ठिकाणी राहतीलच असं नाही. त्यामुळे 'गेलेली मुलं' आणि 'न गेलेली मुलं' असे दोन सरळ गट कागदावर काढता येतात, गावात सापडत नाहीत.

ज्युनियरच्या सिनॉप्सिसमध्ये नेमके तेच दोन गट होते. नियंत्रण गट : पूर्वप्राथमिक शिक्षण न घेतलेली मुलं. मी तिला म्हटलं, पेपर राहू दे बाजूला, तू निवडलेल्या गावात जा आणि असा गट शोधून आण. ती दिवाळीनंतर दोन दिवस गेली. पहिलीच्या वर्गात बाईंना विचारलं, अंगणवाडीतल्या ताईंचं रजिस्टर पाहिलं. नाव नसलेलं मूल जवळजवळ नव्हतंच, नावं सगळ्यांची होती. प्रत्यक्ष न गेलेली जी थोडी मुलं सापडली, त्यातली बहुतेक ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. ऑक्टोबरात गाव सोडतात, उन्हाळ्यात परततात. आणि नेमकी तेव्हा ती गावात नव्हतीच.

तिने फोटो पाठवला, रजिस्टरच्या एका पानाचा, नावं झाकून. काही ओळींवर नोव्हेंबरपासून पुढे नुसत्या फुल्या. खाली तिचा मेसेज होता : "ताई, हा माझा कंट्रोल ग्रुप. आता याची तुलना कशाशी करू?"